सव्वीस तारखेचा डीजे

लग्न पाच दिवसांवर आलं होतं आणि डीजेवाल्याचा माणूस विसार परत घेऊन दारात उभा होता.

धोंडू घाडी खाली बसून कोयत्याने नारळ सोलत होता. माणूस काय बोलतोय ते त्याला ऐकू येत नव्हतं. सतरा वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, काढल्यावर उजवा कान साफ गेला होता आणि डाव्यात मोठ्याने बोललेलंच तेवढं शिरायचं. पण त्या माणसाने पाकीट पुढे केलं आणि बायकोचा, रमाबाईचा, लाटणारा हात जागीच थांबला, हे त्याला दिसलं.

"काय म्हणतो तो?"

नलू त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली. "सव्वीसला येत नाही म्हणतोय, बाबा. कुठल्यातरी साहेबांच्या पुतण्याची वरात त्याच दिवशी निघालीय. सेट तिकडे दिला."

"अरे पण महिन्याआधी ठरवलंय आम्ही!" धोंडू साधं बोलला तरी ओरडल्यासारखं व्हायचं. गॅलरीतल्या दोन खोल्यांचे पडदे हलले.

"काका, मी नोकर माणूस. शेठने सांगितलं ते सांगितलं." पाकीट उंबऱ्यावर ठेवून तो जिना उतरून गेला.

तो डीजे निवडायला बापलेक दोघंच लालबागला गेले होते. एका गाळ्यात शेठने चार बेस, चार टॉप असे स्पीकर लावून दाखवले. आवाज सुटला तशी धोंडूच्या मस्तकात कळ गेली. लोकांना वाटतं बहिऱ्याला आवाजाचा त्रास नसतो. धोंडूला उलट होतं, बोलणं ऐकू यायचं नाही आणि गोंगाट मात्र कवटीत घुसून राहायचा. त्याने भिंतीला हात टेकला. शेठ हसून म्हणाला, "काकांना आवडला बघा." नलूने जनरेटर कोणाचा, टेम्पो केवढा, कोळी गाणी आहेत की नाहीत, सगळं विचारून घेतलं आणि मग बापाच्या दंडाला धरून त्याला उन्हात आणलं होतं.

नलूचं जमलं होतं वरळी कोळीवाड्यातल्या चंदूशी. दोघं दादरला एकाच छापखान्यात कामाला. जातीबाहेरचं लग्न, पण चंदूची आई गुणवंती, दादरच्या बाजारात मासळी विकणारी, स्वतः भोईवाड्यात येऊन बोलणी करून गेली.

"आमाला काय बी नको," ती म्हणाली होती. "मांडव आमचा, जेवान आमचं. फकस्त वरातीला डीजे तुमच्याकरनं. चंदूचा बाप होडी घेऊन गेला तो आलाच नाय. चार वर्सं झाली. तवापासनं माज्या दारात काय वाजलेलं नाय."

"सव्वीस तारखेला डीजे माझा," धोंडूने तिथल्या तिथे शब्द दिला होता.

बुधवारी सकाळी बापलेक बाहेर पडले. रमाबाईने छत्री दिली. नवरी मुलगी उन्हाने काळवंडायला नको. छत्री धोंडूने धरली, नलूच्या डोक्यावर, आणि स्वतः उघड्या उन्हात चालला. परळला एक डीजेवाला बेसच्या खोक्यावर पाय टाकून बसला होता. तो नलूशीच बोलत राहिला. धोंडूने मध्ये तोंड घातलं तसा म्हणाला, "या म्हाताऱ्याला बाहेर उभा कर ना, किती ओरडतोय." नलूचा चेहरा उतरला. धोंडूने विचारलं, "काय म्हणाला?" ती म्हणाली, "तारीख नाही म्हणाला."

दादरला एकाने बाकावर दोन तास बसवून ठेवलं आणि जेवायच्या वेळेला शटर खाली ओढलं. गिरगावात एक बँडवाला मोकळेपणाने हसला. "मेच्या सव्वीसला? आणि आज शोधताय? सनईवाला पण नाही मिळायचा, काका." रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. धोंडूचा सदरा पाठीला चिकटून वाळला, पुन्हा भिजला.

तिघांनी तीन ठिकाणी एकच सांगितलं, "काळाचौकीला शिगवणकडे बघा. पोराने नवीनच काढलंय, तारीख मोकळी असेल." नलू ते त्याच्या डाव्या कानात सांगायची. धोंडू ऐकायचा आणि भलत्याच दिशेला चालू लागायचा.

गुरुवारी तो एकटाच दादरच्या बाजारात गेला. गुणवंती पाटावर बसून सुरमई कापत होती. त्याला बघून तिने हात धुतले, शेजारणीकडून खोका मागून बसायला दिला. धोंडूने तिला काय झालं ते सांगितलं. आजूबाजूच्या बायका माना वळवून बघायला लागल्या.

गुणवंती त्याच्या कानाशी आली. "मी समजते. माजं काय नाय, मी बिनवाजंत्रीची पन सून आनीन. पन माजे दीर हायेत ना, विठोबाभावजी. त्यांनी तुमचं गिरनीचं आयकलंय कुटंतरी. बोलतान, त्या मानसाचा शबुद टिकत नाय. संपात पन नाय टिकला. मी बोलले, बगू सव्वीसला."

धोंडू खोक्यावरून उठला.

"बसा, च्या सांगते."

"नको," तो म्हणाला. बोलला हळू, पण सगळ्या बाजाराने ऐकलं.

घरी आला तेव्हा रमाबाई पातेल्यांना माती लावत बसली होती. संपात सुरू केलेली खानावळ तिने अजून चालवली होती, दोन वेळचे अठरा डबे. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. विचारलं ते नलूने.

"बाबा, शिगवणकडे का नाही जायचं? बाबुराव शिगवण ना? तुमच्या बाजूच्या साच्यावरचे?"

"थंय नको," रमाबाई म्हणाली.

"मला माहितीये सगळं, आई. माझ्यापायीच तुटलं ना ते? मी येते बरोबर. मी पाया पडते त्यांच्या. सांगते, माझ्यामुळे झालं, मला बोला."

रमाबाईचा मातीचा हात पातेल्यावर नुसता फिरत राहिला.

ती गोष्ट भोईवाड्यात सगळ्यांना ठाऊक होती. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा नलू दीड वर्षाची होती. पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला. वर्षभर टिकून राहिलेला धोंडू त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत संप मोडून पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीत गेला. पोरीच्या औषधापायी गेला बिचारा, असं म्हणणारी माणसंही होती. पण शाळेत पोरं नलूला 'फुटीराची पोर' म्हणायची. मग ती घरी येऊन रडायची आणि रमाबाई म्हणायची, "तुझ्याचसाठी गेले गो ते."

शुक्रवारी सकाळी दोघं काळाचौकीला गेली. चाळीच्या पटांगणात स्पीकरचे काळे खोके एकावर एक रचून ठेवलेले होते. सीताराम शिगवण, तिशीतला, दाढी वाढलेला माणूस, गुडघ्यावर बसून वायरी जोडत होता. नलूने तारीख सांगितली तसा तो हसला.

"सव्वीस? मोकळी आहे, ताई. वरळी ना? टेम्पो माझा, जनरेटर माझा. दोन बेस जास्तीचे लावतो. नाव काय लिहू?"

"घाडी," नलू म्हणाली. "भोईवाडा."

पलीकडे तळमजल्याच्या पायरीवर एक म्हातारा जुन्या वायरींची सालं काढत बसला होता. त्याने हातातली सुरी खाली ठेवली.

बाबुराव पार वाळला होता. संपानंतर त्याला कुठल्याच गिरणीने घेतलं नाही. तो केळी विकत फिरला, गोदीत पोती उचलली. मोठी मुलगी चौथीतून काढून बायकोबरोबर धुण्याभांड्यांना लावली. बायको त्याच पाच-सहा वर्षांत गेली. धोंडूला हे सगळं लोकांकडून कळत आलं होतं. माणूस समोर आज दिसत होता, एकोणीस वर्षांनी.

नलू पुढे होऊन त्याच्या पायाशी वाकली. "काका, मी नलू. मी आजारी नसते पडले तर—"

"तुझा काय दोष, पोरी," बाबुराव म्हणाला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो धोंडूकडे वळला आणि तोंडाने बोललाच नाही. साचेखात्यात हजार साच्यांच्या खडखडाटात कोणालाच कोणाचं ऐकू यायचं नाही, तिथे सगळं हातांनी बोलायचे. बाबुरावने दोन बोटं कात्रीसारखी मिटली. धागा तुटलाय. धोंडूला कळलं. त्याने मान खाली घातली.

"बाबा, ओळखीचे काय?" सीतारामने विचारलं.

"ओळखीचा," बाबुराव म्हणाला. "दे त्याला डीजे. पैसे घे सगळ्यांसारखे. पण आधी त्याला माइक दे."

"कशाला?"

"गेटवर मी उभा होतो. गाडीच्या जाळीतून याने मला बघितलं आणि तोंड फिरवलं. तेव्हापासून मी वाट बघतोय हा काय बोलतो त्याची. इथे बोलू दे. सगळ्या चाळीला ऐकू दे."

नलू म्हणाली, "काका, नको हो. लग्नाच्या तोंडावर—"

"काय म्हणतो?" धोंडूने विचारलं. नलू सांगेना. मग सीतारामच त्याच्या कानाशी येऊन खालच्या मानेने बोलला. बोलून झाल्यावर म्हणाला, "नसेल जमत तर जा काका. मी समजावतो त्यांना नंतर."

धोंडूने हात पुढे केला. माइक हातात आला.

त्याच्या श्वासानेच खोके घुमले. कबुतरं उडाली. सुट्ट्यांचे दिवस होते, तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं गोळा झाली. तरुण पोरांना वाटलं टेस्टिंग आहे, एकाने वरून शिट्टी घातली. म्हातारे मात्र कठड्याला धरून खाली बघत उभे राहिले.

"मी धोंडू गणू घाडी," तो म्हणाला. आवाज समोरच्या भिंतीवर आदळून मागे आला. "साचेखातं. दुसरी पाळी. अठरा जानेवारीला बाहेर पडलो. बाबू आणि मी शपथ घेतली होती, जाऊ तर दोघं जाऊ, नाहीतर कोणीच नाही. फेब्रुवारीत सात तारखेला मी गेलो. त्याला न सांगता. पोलिसांच्या गाडीतून."

तो थांबला. एवढंच बोलून माइक दिला असता तर चाललं असतं. बाबुराव उठायच्या बेतात होता. पण माइक हातातच राहिला.

"लोक म्हणतात पोरगी आजारी म्हणून गेला. मीच तसं सांगत आलो. पोरगी दिवाळीत बरी झाली होती. गॅलरीत धावायची. औषध बंद होऊन तीन महिने झाले होते. घरात तांदूळ होता. रमाने खानावळ घातली होती, ती राबायची. मी कोथिंबीर निवडायचो. जेवायला येणारे मला म्हणायचे, पाणी आण रे. नाव घ्यायचे नाहीत, पाणी आण रे. आणि खात्यावरचा जॉबर सांगत आला, तुझा साचा बदलीवाल्याला देतायत. माझा साचा! मला रात्रंदिवस तेच. कोणी उपाशी नव्हतं. मला घरात बसवेना, म्हणून मी गेलो."

वर कोणी शिट्टी घातली नाही.

"आठ महिन्यांनी खातंच बंद केलं. मला पण हाकललं. तेवढ्यासाठी..."

बाबुरावने हात आडवा धरला. बस. सीतारामने कळ फिरवली आणि खोक्यांतला गुणगुणाट मेला.

बाबुरावने नलूला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "तुझ्या बापाला सांग. मी कधीपासून मनाला समजावून ठेवलं होतं, पोरगी होती म्हणून गेला. माझी पोर आजारी असती तर मी पण गेलो असतो, असं म्हणायचो. त्यावर मी जगलो. तेवढं तरी माझ्याकडे ठेवायचं होतं त्याने." त्याने सुरी उचलली. "सव्वीसला डीजे येईल. सीताराम बोलला म्हणजे येणार. पण ह्याला म्हणावं, पुन्हा या चाळीत पाऊल टाकू नको."

नलूने ते बापाला सांगितलं नाही. ती चालू लागली. धोंडू छत्री उघडून तिच्या मागे गेला, पण तिने पाय उचलले आणि छत्रीखालून बाहेर गेली. भोईवाड्यापर्यंत ती उन्हात चालली, तो तिच्या मागून उघडी छत्री धरून.

घरात शिरल्यावर तिने आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

रमाबाईने पदर तोंडाला लावला. "होता माका ठावक."

"मग मला का सांगत राहिलीस? पोरं फुटीराची पोर म्हणायची आणि मी देवापुढे उभी राहून आजारी पडल्याबद्दल कान धरायचे. बारावी सोडली मी. म्हटलं बाबांनी माझ्यासाठी एवढं केलं, आता आपण कमवायला पायजे."

"अगो, माणसाक चाळीत तोंड दाखवूक काहीतरी होया ना..."

"मग माझं तोंड वापरलंत," नलू म्हणाली.

धोंडू दारात उभा होता. शब्द पोहोचत नव्हते, पण दोघींची तोंडं दिसत होती. त्याला सगळं समजलं.

शनिवारी नलूला हळद लागली. बापाची पाळी आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. त्याने आंब्याच्या पानाने दोन्ही गालांना हळद टेकवली आणि बाजूला झाला. जे काही सांगायचं ते ती आईकरवी सांगत होती. बाबांना म्हणावं जेवा. बाबांना म्हणावं इस्त्रीचे कपडे आणा. डाव्या कानाशी येऊन बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे त्या दोन दिवसांत धोंडूला घरातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

रविवारी लग्न दुपारी लागलं. चार वाजता वरात वरळीला निघाली आणि कोळीवाड्याच्या अलीकडे सीतारामचा टेम्पो उभाच होता. कबूल केल्याप्रमाणे दोन बेस जास्तीचे. त्याने धोंडूला बघून मान हलवली, बापाचा विषय काढला नाही.

पहिलं कोळी गाणं सुटलं तशी माणसं गल्ल्यांतून धावत आली. सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून, जाळ्यांवरून उड्या मारत आली. गुणवंती मध्ये उभी होती, हिरव्यागार लुगड्यात, अंबाड्यात गजरा. थोडा वेळ ती नुसती उभी राहिली. मग तिचा एक पाय हलला, मग दोन्ही हात वर गेले, आणि ती नाचायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिने पुसलं नाही, पायही थांबवले नाहीत. बायकांनी तिच्याभोवती रिंगण धरलं. विठोबा, तिचा दीर, जाड मिशांचा दांडगा माणूस, गर्दीतून वाट काढत धोंडूकडे आला. त्याने धोंडूचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि काहीतरी बोलला. शब्द राहिला, असंच काहीतरी असणार.

धोंडूच्या कवटीत घण पडत होते. जमीन एका बाजूला कलल्यासारखी वाटत होती. तो टेम्पोच्या फळीला धरून चालत राहिला.

गल्ली सुरू होते तिथे टेम्पो थांबला. पुढे जायला जागा नव्हती. इथून नवरानवरी पायी घरात जाणार आणि मुलीकडचे मागे फिरणार. नलू आईच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या. मग ती वळली. मुंडावळ्या तोंडावर आल्या होत्या, त्या तिने मागे केल्या, बापाच्या पाया पडली आणि उठून त्याच्या डाव्या कानाला तोंड लावलं.

ती बोलत होती. तिचा श्वास त्याच्या कानावर येत होता, गरम. बोलणं चांगलं लांब होतं. त्याला एक अक्षर कळेना. डोक्यात नुसता धडाधड आवाज. ती बोलून बाजूला झाली, त्याच्याकडे बघत उभी राहिली. चंदूने तिच्या कोपराला धरलं. चला आता.

धोंडू मागे वळला आणि टेम्पोवर चढला. छप्पन्न वर्षांचा माणूस, नवा सदरा फळीच्या खिळ्याला अडकून फाटला. त्याने सीतारामचं मनगट धरलं.

"बंद कर!"

"काका, काय झालं?"

"बंद कर म्हणतो ना!"

सीतारामने बंद केलं. नाचणारे हात हवेतच राहिले. "ए, काय रे!" "लाव ना!" चहूकडून ओरडा झाला. विठोबाच्या कपाळाला आठी पडली. गुणवंती धापा टाकत बघत राहिली. धोंडू टेम्पोवरून उतरला, उतरताना गुडघ्यावर पडला, उठला, आणि नलूसमोर येऊन उभा राहिला.

"मला ऐकू नाही आलं," तो म्हणाला. सगळ्या कोळीवाड्याने ऐकलं. "परत सांग."

नलूने आजूबाजूला बघितलं. दोनशे माणसं गप्प उभी होती. खडकांवर पाणी फुटत होतं, तेवढाच काय तो आवाज. मघाशी ती डीजेच्या आवाजाच्या आडून बोलली होती, आता आडोसा राहिला नव्हता.

"माझा राग गेला नाही," ती म्हणाली. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, त्याला कळावा तसा. "कधी जाईल सांगता येत नाही. बाबुरावकाकांचा पण जायचा नाही. त्यांनी सांगितलंय, पुन्हा त्यांच्या चाळीत यायचं नाही. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"बरं."

"आणि पाचपरतवणाला मला माहेरी न्यायला आईला पाठवू नका. मामाला पण नको." तिने त्याच्या फाटलेल्या सदऱ्याकडे बघितलं. "तुम्ही या."

"मी येतो," धोंडू म्हणाला.

"सकाळी या. उन्हाच्या आधी."

"येतो."

तिने मान हलवली आणि चंदूबरोबर गल्लीत वळली. गुणवंतीने टेम्पोकडे बघून हात वर केला. सीतारामने कळ फिरवली. धोंडू आणि रमाबाई त्या आवाजातून वाट काढत मोठ्या रस्त्याकडे निघाली. गुडघ्याचं रक्त पायजम्यातून बाहेर आलं होतं. रमाबाईने ते बघितलं आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.